व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर: ३००बी, ईएल८४ की ईएल३४?

व्हॉल्व्हच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या ट्यूबच्या, नावावर भाळण्याआधी स्पीकरच्या मागचा आकडा वाचा. घरगुती स्पीकर बहुधा ८७ डेसिबलच्या आसपास असतात, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. त्यांच्याकडून ८ वॅटमध्ये ९६ डेसिबल मिळतात, ३५ वॅटमध्ये १०२. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण तबल्याची खणखणीत थाप मोकळी वाजणार की चेपणार, हे याच सहा डेसिबलांत ठरतं.

३००बी सिंगल-एंडेड (सगळी लहर एकाच बाजूचा व्हॉल्व्ह पेलतो) हा सगळ्यांच्या स्वप्नातला अ‍ॅम्प्लिफायर. प्लेटवर (व्हॉल्व्हच्या धन टोकावर) ३५० व्होल्ट आणि ६० मिलिअँपिअर दिले की ७-८ वॅट निघतात. एकट्या गळ्याचं गाणं, सारंगी, तानपुरा यांत तो खरोखर जिंकतो. मात्र फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे फिरवून चूक सुधारणं) नसल्यामुळे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर त्याची पकड सैल असते आणि डग्ग्याचा घुमारा लांबत जातो. शिवाय डीसी करंट सतत एकाच दिशेने वाहतो, म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात फट ठेवावी लागते आणि गाभाही मोठा लागतो. हलका, स्वस्त ३००बी अ‍ॅम्प्लिफायर दिसला की कपात तिथेच झाली असं समजावं; खर्ज आधी जातो. स्पीकर ९५ डेसिबलच्या पुढचे असतील तरच हा घ्यावा.

ईएल८४ पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह उलटसुलट जोडीने काम करतात) लहान खोलीला उत्तम. लीक स्टिरिओ २० (१९५८) हा त्याचा नमुना: चॅनेलला १० वॅट, कॅथोड बायस (व्हॉल्व्हचा मूळ करंट, म्हणजे बायस, आपोआप ठरतो), त्यामुळे बायस लावायची कटकट नाही. ईएल८४च्या प्लेटची उष्णता सोसायची मर्यादा १२ वॅट आहे. अनेक स्वस्त नगांत ३२० व्होल्ट आणि ४० मिलिअँपिअर ठेवलेले असतात, म्हणजे १२.८ वॅट. असे व्हॉल्व्ह लवकर संपतात.

साध्या स्पीकरसाठी आमचा कौल ईएल३४ पुश-पुल अल्ट्रालिनिअरला (व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाला जोडलेली), म्हणजे डायनाको स्टिरिओ ७० (१९५९) आणि त्याच्या वळणाच्या अ‍ॅम्प्लिफायरना. चॅनेलला ३५ वॅट, आणि डग्गा जागच्या जागी. मूळ नगात बायस असा लावतात: स्पीकर जोडलेलेच ठेवा, आवाज शून्यावर, पंधरा मिनिटं तापू द्या, मग १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर १.५६ व्होल्ट येईपर्यंत बायसचा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) फिरवा. हे झाले दोन व्हॉल्व्हचे मिळून १०० मिलिअँपिअर. खोट इथेच आहे. एक व्हॉल्व्ह ६५ आणि दुसरा ३५ ओढत असला तरी मीटर १.५६च दाखवतो. म्हणून प्रत्येक कॅथोडला वेगळा १० ओहम, १ टक्क्याचा रेझिस्टर लावावा, प्रत्येकी स्वतंत्र बायस पॉट द्यावा आणि ०.४० व्होल्टवर, म्हणजे ४० मिलिअँपिअरवर थांबावं. आत ४००हून अधिक व्होल्ट असतात. प्लग काढून कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय हात घालू नये.

दुरुस्तीच्या नादात पहिला फिल्टर कपॅसिटर मोठा करू नका. जीझेड३४ला (एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) ६० मायक्रोफॅरडच्या पुढे झेपत नाही, चालू करताना आत ठिणगी पडते. ७१९९ हा ड्रायव्हर (ईएल३४ला सिग्नल देणारा छोटा व्हॉल्व्ह) मिळणं कठीण, तेव्हा घेण्याआधी त्याची सोय बघा.

मूळ अमेरिकन नग ११७ व्होल्टचा आहे. त्याला २३०:११० चा, निदान ५०० व्हीएचा स्टेप-डाउन द्यावा. लाइन २४५वर गेली तरी बरोबर ११७ मिळतात. २३०:१२० घेतला तर १२८ होतात आणि ६.३ व्होल्टचं हीटर ६.९वर जातं.

ईएल३४ची प्लेट लाल दिसली तर ताबडतोब बंद करा. चॅनेलच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या पाचव्या पिनवर (करंट आवरणाऱ्या ग्रिडवर) सारखाच ऋण व्होल्टेज हवा. एकीकडे तो दोन-तीन व्होल्टने शून्याकडे सरकला असेल, तर बंद करून, थंड झाल्यावर दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करा आणि पुन्हा मोजा. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह गेला. त्याच सॉकेटवर राहिला तर कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा डीसी अडवून सिग्नल पुढे देणारा) गळतोय, तो बदला.