सुपरचार्जरची बदली बायपास स्प्रिंग: वापरानंतरचा अभिप्राय
सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा लोटणारे यंत्र, आणि त्याच्या बायपास व्हॉल्व्हवरील, म्हणजे नको तेव्हा ती हवा मागे वळवणाऱ्या झडपेवरील, मूळ स्प्रिंगऐवजी बसवण्यासाठी मिळणारा एक संच मी माझ्या गाडीवर बसवला असून त्याचा अनुभव येथे सविस्तर नोंदवत आहे. संचात स्टेनलेस स्टीलच्या तारेची पिळाची स्प्रिंग, तिचे एक टोक अडकवण्यासाठी सहा छिद्रांची चकती, व्हॉल्व्हचे उघडमीट करणारे पाते थांबवणारा स्क्रू व त्याचा लॉकनट आणि पात्याच्या शाफ्टच्या टोकाला अडकणारी कडी (सर्क्लिप) एवढेच भाग येतात. स्प्रिंग उत्तम आहे, सोबतचे माहितीपत्रक जवळपास निरुपयोगी आहे आणि वेष्टनावर ठळक छापलेला ‘जास्त बूस्ट’ (इंजिनात जाणाऱ्या हवेचा जास्त दाब) हा दावा दिशाभूल करणारा आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी त्या दाव्याचे पाहू. रूट्स पद्धतीचा, म्हणजे फिरत्या रोटरांनी हवा लोटणारा, सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा पुढे लोटतो. ईटनच्या एम 45 या सुपरचार्जरच्या नावातला 45 हा आकडा याच घनफळाचा आहे. फेऱ्यामागे 45 घन इंच, म्हणजे सुमारे 737 घन सेंटिमीटर. 1.6 लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या (मुख्य दंडाच्या) एका फेऱ्यात ढोबळमानाने 0.8 लिटर हवा ओढते; तेवढ्याच वेळात असा सुपरचार्जर पुलीच्या गुणोत्तरामुळे दोन फेरे घेत असेल, तर रोटरच्या फटींतून होणारी गळती वगळता तो जवळपास 1.47 लिटर हवा मागून लोटतो, आणि या तफावतीतूनच मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब वाढतो. कमाल बूस्ट ठरतो तो या हिशेबाने. स्प्रिंगचे काम एवढेच की त्या वेळी बायपासचे पाते पूर्ण मिटलेले असावे. मूळ स्प्रिंग ते काम नीट करत असेल, तर नवी स्प्रिंग दाबमापकाचा काटा तसूभरही पुढे नेणार नाही. जुनी स्प्रिंग थकून पाते किंचित उघडे राहत असेल, तर गमावलेला बूस्ट परत मिळेल. पण आपलेच आपल्याला परत देऊन त्याला जास्त म्हणणे ही विक्रेत्याची चलाखी झाली.

मग ही स्प्रिंग बदलायची कशासाठी? इंजिन आयडलवर (पाय न दाबता मंद गतीवर) असताना किंवा सपाट रस्त्यावर गाडी एका वेगाने जात असताना थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) बराचसा मिटलेला असतो आणि त्याच्या मागे चांगला व्हॅक्यूम तयार होतो. हा व्हॅक्यूम पाते हलवणाऱ्या अ‍ॅक्चुएटरमधला पडदा ओढतो, पडद्याला जोडलेली दांडी बायपासचे पाते उघडते आणि सुपरचार्जरने पुढे लोटलेली हवा वळून पुन्हा त्याच्याच तोंडाशी येते. रोटर फिरत राहतात, पण त्यांच्यावर भार नसतो, हवा फारशी तापत नाही आणि इंधन वाचते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की व्हॅक्यूम घटतो आणि स्प्रिंग पाते मिटवते. व्हॅक्यूम आणि स्प्रिंग यांच्यातील ही ओढाताण नेमक्या कोणत्या क्षणी स्प्रिंगच्या बाजूने झुकते, हाच सगळ्या जुळवणीचा प्रश्न आहे. थकलेल्या स्प्रिंगवर हा क्षण उशिरा येतो आणि आला तरी टिकत नाही. अर्ध्याहून कमी पायावर गाडी चालवताना पाते मधल्या स्थितीत फडफडते, ताकद येते आणि जाते, आणि संथ रहदारीत गाडी हिसके देत चालते. माझ्या गाडीची तक्रार हीच होती.

असे हिसके बसले म्हणजे दोष स्प्रिंगचाच, असे मात्र समजू नये. क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळच्या भागातून) येणारी तेलकट वाफ पात्याच्या कडेवर आणि शाफ्टवर चिकट थर चढवते, व्हॅक्यूमची नळी वाकणाच्या जागी तडकते, पडदा फाटतो, आणि या तिन्ही दोषांची लक्षणे थकलेल्या स्प्रिंगसारखीच दिसतात. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप अ‍ॅक्चुएटरला जोडून व्हॅक्यूम धरून ठेवावा. मिनिटभरात काटा खाली आला तर पडदा गेला असे समजावे, आणि अशा गाडीवर हा संच लावून काहीही उपयोग होणार नाही. शाफ्ट साफ करताना क्लीनर कापडावर घेऊन पुसावा. थेट फवारा मारल्यास तो शाफ्टच्या सीलमध्ये आणि पडद्यापर्यंत जातो.

बसवण्याच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण इंटरकूलर (तापलेली हवा थंड करणारा भाग) व हवेची नळी काढून व्हॉल्व्ह बाहेर येईपर्यंतची मेहनत प्रत्येक गाडीत वेगळी असते. इंजिन पूर्ण थंड असावे, बॅटरीची तार काढलेली असावी आणि उघड्या पडलेल्या तोंडात ताबडतोब स्वच्छ कापड कोंबावे. रोटरमधली फट केसाएवढी असते. आत पडलेली सर्क्लिप शोधण्यासाठी सुपरचार्जर खोलण्याची वेळ येते. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पिळलेल्या स्प्रिंगचे टोक निसटले की कोठे जाईल सांगता येत नाही.

खरा वेळ जातो तो जुळवणीत, आणि माहितीपत्रक नेमके याच ठिकाणी गप्प बसते. आधी पात्याचा थांबा जुळवावा लागतो. स्प्रिंग न लावता पाते हाताने मिटवून व्हॉल्व्ह दिव्यासमोर धरला की पात्याच्या कडेभोवती प्रकाशाची बारीक रेघ दिसते. ती सगळीकडे सारखी आणि जेमतेम दिसेल इतकी बारीक असावी. रेघ अजिबात दिसू नये म्हणून स्क्रू मागे घेत राहिले, तर पाते नळीच्या भिंतीत रुतते, भिंतीवर चरा पडतो आणि उघडताना पाते अडकू लागते. त्यामुळे पाते भिंतीला लागते तेथपासून स्क्रू अगदी थोडा पुढे घेऊन लॉकनट आवळावा. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून रेघ पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे.

त्यानंतर स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण. चकतीवरील छिद्र बदलले की स्प्रिंग थोडी अधिक पिळली जाते आणि पाते मिटवणारा जोर वाढतो. माझ्या जुन्या स्प्रिंगवर पाच-सहा इंच पाऱ्याच्या (व्हॅक्यूम याच एककात मोजतात) व्हॅक्यूमला पाते पूर्ण उघडत असे. नव्या स्प्रिंगला पहिल्या छिद्रातच आठ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम लागतो. स्प्रिंगची तार डोळ्यांना किंचितच जाड दिसते, पण ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणजे व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर ताठरपणा सुमारे 46 टक्क्यांनी वाढतो, हे लक्षात घेतले तर या फरकाचे नवल वाटत नाही. शेवटच्या दोन छिद्रांत स्प्रिंग अडकवून पाहिल्यावर गाडी पायाखाली अतिशय तडफदार वाटली, परंतु एका वेगाने जातानाही पाते पुरते उघडेना, सुपरचार्जरची शीळ सतत ऐकू येऊ लागली, आत जाणारी हवा तापू लागली आणि पाय काढल्यावर इंजिनाचा वेग सावकाश व अनिच्छेने उतरू लागला. हा ताण शर्यतीच्या मैदानावर एखाद्याला आवडेलही. रोजच्या गाडीत तो ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. दुसऱ्या छिद्रात मात्र हिसके संपले, पाय दाबताच ताकद सलग येऊ लागली आणि आयडलही स्थिर राहिला. इंधनाच्या खर्चात जाणवेल असा फरक पडलेला नाही.

स्प्रिंगच्या घडणीला मी पूर्ण गुण देईन. वेटोळी सारख्या अंतराची आहेत, टोकाचा हूक खाचेत न डगमगता बसतो आणि पीळ वेटोळी घट्ट होण्याच्या दिशेनेच पडतो, जे पिळाच्या स्प्रिंगमध्ये असायलाच हवे आणि स्वस्त मालात कधी कधी उलटे आढळते. धातूची निवडही योग्य आहे. साधी उच्च-कार्बन स्प्रिंगची तार सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या पुढे ताण धरून ठेवत नाही, आणि बायपासमधून फिरणारी हवा जोराच्या वापरात शंभर अंशांच्या पलीकडे सहज जाऊ शकते. स्टेनलेस तारेला त्या तापमानाची फारशी फिकीर नसते.

संचातील इतर भागांविषयी मात्र तेवढे बरे बोलता येत नाही. चकतीच्या छिद्रांच्या कडा धारदार सोडलेल्या आहेत. कानशीने त्या मोडल्या नाहीत तर स्प्रिंगच्या हुकावर तेथेच चरा पडून पुढे तो तुटण्याची भीती राहते. छिद्रांवर क्रमांक कोरलेले नसल्याने कोणते छिद्र पहिले हे स्प्रिंग लावून पाहिल्यावरच कळते. माहितीपत्रकात कोणत्या छिद्राला किती व्हॅक्यूमवर पाते उघडावे याचा एकही आकडा नाही, तर उत्पादनाची स्तुती दोन परिच्छेद आहे. विक्रेत्याला मी आकडे विचारले असता ‘सर्वांत घट्ट छिद्र वापरा’ असे उत्तर आले, जे वर सांगितलेल्या कारणांमुळे बहुतेक गाड्यांसाठी चुकीचे आहे. लॉकनट साधा आहे. त्यावर मध्यम पकडीचा थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा द्रव) लावणे इष्ट. नायलॉनची कडी असलेला नट येथे वापरू नये, कारण ती उष्णतेने सैल पडते.

मूळ व्हॉल्व्ह निर्दोष आहे, पडदा व्हॅक्यूम धरतो आणि तरीही कमी पायावर गाडी हिसके देते, अशांनी हा संच जरूर घ्यावा. ज्यांच्या व्हॉल्व्हच्या शाफ्टला बाजूने हलवल्यावर खेळ जाणवतो, त्यांनी स्प्रिंगवर खर्च न करता संपूर्ण व्हॉल्व्हच बदलावा, कारण झिजलेल्या शाफ्टवरचे पाते कितीही जोराच्या स्प्रिंगने मिटवले तरी एका बाजूने उघडेच राहते. हातपंप जवळ नसेल तर तो याच खरेदीत धरावा. त्याशिवाय सहांपैकी कोणते छिद्र आपल्या इंजिनाला मानवते, हे केवळ पायाच्या अंदाजावर ठरवावे लागेल, आणि तो अंदाज नेहमी जास्त घट्ट छिद्राकडेच झुकतो.