टॅली प्राईम की ईआरपीनेक्स्ट: कोणाला काय दिसावं आणि कोणी काय बदलावं

हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेमोमध्ये बिल, जीएसटी, स्टॉक सगळं दाखवतात, परमिशनचा स्क्रीन मात्र कोणी उघडत नाही आणि मग सहा महिन्यांनी कळतं की ऑफिसमधले सगळे एकाच लॉगिनने काम करतायत. म्हणून टॅली प्राईमवर राहायचं की ईआरपीनेक्स्टवर जायचं असा विचार चालू असेल तर बाकीचं जरा बाजूला ठेवून आधी एवढंच बघा.

टॅलीमध्ये कंपनी अल्टर करून युजर अॅक्सेस कंट्रोल चालू केला की रोल (कामाप्रमाणे हक्कांचा संच) बनवता येतात, डेटा एंट्रीचा रोल तर तयारच असतो. रोलला कुठले रिपोर्ट, कुठली व्हाउचर (नोंदी), बघायचं फक्त की बदलायचं पण, हे ठरवता येतं. यातली मला सगळ्यात कामाची वाटते ती बॅक डेटेड व्हाउचरची सोय: किती दिवस मागची एंट्री चालेल किंवा कुठल्या तारखेच्या आधी हातच लावायचा नाही हे रोलमध्येच टाकता येतं. समजा मासिक 3बी (जीएसटीचा रिटर्न) 20 तारखेला भरून झालाय आणि नंतर कोणी मागच्या महिन्याचं बिल 'जरासं' दुरुस्त केलं, तर पुढचा रिकन्सिलिएशनचा (हिशेब जुळवायचा) ताप कोणाच्या डोक्याला होतो ते सीएला विचारा. ही एक सेटिंग तो ताप बराच वाचवते.

पण टॅली विचार करते रिपोर्ट आणि व्हाउचरच्या भाषेत. पुण्याच्या सेल्समनला फक्त त्याचेच ग्राहक दिसावेत, नाशिकच्या गोडाऊनवाल्याला फक्त नाशिकचा स्टॉक दिसावा, असलं काही आहे तसं मिळत नाही, टीडीएल (टॅलीत बदल करायची प्रोग्रामिंग भाषा) वापरून करून घ्यावं लागतं, म्हणजे वेगळा खर्च आणि अपग्रेडला पुन्हा तपासणी. दुसरं म्हणजे गोल्ड (अनेक मशीनच्या) लायसन्सवर चारपाच मशीन जोडलेली असतात तेव्हा डेटा फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेलं असतं, टॅलीत रोल कितीही कडक ठेवा, विंडोजमधून फोल्डर पेनड्राईव्हवर कॉपी करायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याला उपाय टॅली व्हॉल्ट, त्यात डेटा एन्क्रिप्ट होतो, पण व्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर डेटा गेलाच समजा, तो परत काढायची सोय नाही.

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स, आणि युजरमागे लायसन्स नाही. हे परमिशनच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे, कारण माणसामागे पैसे लागले की लोक लॉगिन वाटून घेतात आणि मग कोणी काय केलं ते कळायचा मार्गच संपतो. इथे प्रत्येक डॉक्युमेंटला रोलप्रमाणे वाचणं, लिहिणं, सबमिट, कॅन्सल, अमेंड (रद्द केलेलं दुरुस्त करून पुन्हा काढणं), एक्सपोर्ट असे वेगवेगळे हक्क असतात. सेल्समनचा एक्सपोर्टचा टिक काढून टाका, नोकरी सोडताना ग्राहकांची अख्खी यादी एका क्लिकमध्ये एक्सेलला जाणार नाही. परमिशन लेव्हल वापरून एखादं फील्डच लपवता येतं, म्हणजे आयटम दिसेल पण खरेदीचा दर दिसणार नाही. आणि युजर परमिशन लावून माणसाला एका वेअरहाऊसपुरतं, एका ग्राहकापुरतं बांधता येतं, जे टॅलीत आहे तसं जमत नाही.

यातली खोच अशी की युजर परमिशन लावलं तरी ज्या डॉक्युमेंटमध्ये ते (वेअरहाऊसचं किंवा ग्राहकाचं) फील्ड रिकामं आहे ती दिसत राहतात, त्यासाठी सिस्टीम सेटिंग्जमध्ये स्ट्रिक्टचा टिक करावा लागतो, आणि तो केला की अचानक लोकांना हवी ती कागदपत्रं पण दिसेनाशी होतात. रोल परमिशन मॅनेजरमध्ये हौस म्हणून फेरफार करणाराही एखादा असतोच. थोडक्यात, ही सिस्टीम सांभाळायला एक माणूस लागतो, अर्धवेळ का असेना. तो नसेल तर सगळ्यांना सिस्टीम मॅनेजर (जवळपास सगळे हक्क असलेला रोल) देऊन मोकळे होतात आणि मग एवढ्या बारकाईचा उपयोग शून्य.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर 1 एप्रिल 2023 पासून बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) लागतोच, प्रोप्रायटरला ही सक्ती नाही. टॅलीत त्यासाठी एडिट लॉगचं वेगळं एडिशन आहे, ईआरपीनेक्स्टमध्ये इंडिया कंप्लायन्स अॅपमधून चालू करायचं, एकदा केलं की बंद होत नाही.

माझ्या मते दोनतीन जण अकाउंट्स बघतात आणि भीती मागच्या तारखेच्या एंट्रीची आहे तर टॅलीच पुरे, उगाच स्थलांतराच्या भानगडीत पडू नका. गोडाऊन दोनपेक्षा जास्त, फिरते सेल्समन, खरेदीला कोणाचं तरी अप्रूव्हल असं असेल तर ईआरपीनेक्स्ट, पण सांभाळणारा माणूस आधी ठरवून.

डेमोला बसाल तेव्हा विक्रेत्याला सांगा, समोरच एक सेल्समन युजर बनव, त्याला फक्त त्याचे ग्राहक दाखव, खरेदी दर लपव, मागच्या महिन्याचं बिल बदलायला लावून बघ आणि मग त्याच युजरने रिपोर्टमधून तोच दर दिसतोय का ते पण बघ. बरेचदा फॉर्मवर लपवलेलं रिपोर्टमध्ये उघडं पडतं.