मराठवाड्याचे दोन उन्हाळे काढलेला फोन

2024च्या गुढीपाडव्याला घेतलेला हा फोन अजून हातात आहे आणि इतक्यात बदलायचा विचार नाही. किंमत 18 हजारांच्या घरात, 5जी, 8 जीबी रॅम, 5000 एमएएचची बॅटरी. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतले चार-पाच कंपन्यांचे फोन आतून इतके सारखे असतात, की हा अनुभव त्यातल्या कुठल्याही फोनला लागू पडावा. जिंतूर तालुक्यात आमचं शेत, परभणीत कृषी सेवा केंद्र. म्हणजे फोन अर्धा दिवस काउंटरवर, अर्धा दिवस बांधावर.

आधी उन्हाचं सांगतो, कारण आपल्याकडे फोनची खरी परीक्षा तिथेच होते. बहुतेक कंपन्या फोन वापरायला योग्य तापमान 0 ते 35 अंश सांगतात. परभणीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि मेमध्ये 42-43 झाला तर कुणी बातमीही करत नाही. उन्हाळाभर आपले फोन कंपनीने आखलेल्या मर्यादेच्या बाहेरच राबतात. दुपारी गाडीच्या होल्डरला लावून मॅप चालू ठेवला की आधी स्क्रीनचा उजेड आपोआप उतरतो, मग चार्जिंग थांबतं, मग कॅमेरा उघडायला नकार देतो. लिथियम-आयन बॅटरीचं उष्णतेत तेवढ्यापुरतं काम बिघडून भागत नाही, तिची क्षमता कायमची घटते. फोन पूर्ण चार्ज असताना तापला तर आणखी लवकर. पहिल्या उन्हाळ्यानंतर फरक जाणवला नव्हता, दुसऱ्यानंतर स्पष्ट जाणवला. पहिल्या वर्षी रात्री झोपेपर्यंत पुरणारी बॅटरी आता दिवेलागणीलाच लाल होते. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू केली आणि दुपारचं चार्जिंग बंद केलं, तेव्हापासून घसरण थांबल्यासारखी वाटते. नवीन फोन घेणाऱ्याने ही सोय पहिल्याच दिवशी चालू करावी.

ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतातलं पीक सरकारी अ‍ॅपवर नोंदवायच्या कामात, मात्र फोनने साथ दिली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोयाबीन कमरेला लागलेली असते, डोक्यावर ऊन, आणि गटात उभं राहून फोटो काढल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. जीपीएस पटकन लागतो, उन्हातही स्क्रीन वाचता येते. शेजारच्या काकांच्या, मावशींच्या नोंदी मी याच फोनवरून करून दिल्या. 2025च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने शिवारं पाण्याखाली गेली, तेव्हा नुकसानीचे फोटोही यानेच काढले. स्क्रीनवर थेंब पडले की बोटाचा स्पर्श त्याला कळत नाही. मी फोन छत्रीखाली धरून गमज्याच्या कोरड्या टोकाने पुसत होतो, आणि म्हातारे आजोबा आडव्या झालेल्या सोयाबीनकडे बोट दाखवत, 'त्या कोपऱ्यातला पन घे बाबा,' म्हणत होते. एकही फोटो पुसट आला नाही. ज्या फोनवर माणसाची भरपाई अवलंबून आहे, त्याच्याकडून मला याहून जास्त काही नको.

आता दरवर्षी फोन बदलण्याबद्दल. दसऱ्यापासून एक्स्चेंजचे, बिनव्याजी हप्त्याचे मेसेज सुरू होतात. मागच्या दसऱ्याला याच मॉडेलचा नवा अवतार दुकानात हातात घेऊन पाहिला. प्रोसेसर थोडा वेगवान, चार्जिंग थोडं जलद, मागच्या कॅमेऱ्यांची मांडणी वेगळी. माझ्या रोजच्या कामात, म्हणजे यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, पीक पाहणी आणि बिलाचं अ‍ॅप यांत, त्याने काही म्हणता काही बदलणार नव्हतं. वर 2020च्या एप्रिलपासून मोबाईलवर 18 टक्के जीएसटी आहे, तो प्रत्येक नव्या फोनबरोबर पुन्हा भरायचा. हप्ता संपायच्या आत पुढचा फोन, आणि त्याच घरात सोसायटीचं कर्ज थकलेलं, ही गोष्ट मी काउंटरवर रोज बघतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

जुना फोन चालवायचा तर दोन गोष्टी लागतात: अपडेट आणि सुटे भाग. दोन्हीकडे माझी नाराजी आहे. सुरक्षा अपडेट सांगितले त्याहून उशिरा येतात. कॉम्बोची, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून येणाऱ्या स्क्रीनची, गत तर वाईट. फोन हातातून निसटून ओट्यावर पडला, काच तडकली. स्टेशन रोडच्या दुकानातल्या पोराने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, 'दादा, फर्स्ट कॉपी आत्ता बसवतो. ओरिजिनल पाहिजे तर संभाजीनगरहून मागवावा लागंल.' ओरिजिनलचा भाव फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला जाऊन भिडला. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियम आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग, किमान पाच वर्षं अपडेट, आणि 800 वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची क्षमता 80 टक्के. आपल्याकडे असा बंधनकारक नियम हवा, आणि तो 43 अंशांतल्या वापराचा विचार करून हवा.

खोक्यावर 'मेड इन इंडिया' आणि उत्तर प्रदेशातला पत्ता आहे. त्याचा मला अभिमान आहे. मग कॉम्बो इतका महाग का? कारण इथे होते ती मुख्यतः जोडणी. स्क्रीनचं पॅनल, चिप, कॅमेऱ्याचे सुटे भाग बहुतेक बाहेरून येतात. जोडणीचा कारखाना लवकर येतो आणि तितक्याच लवकर उठूनही जातो. सॅमसंगने 2009मध्ये व्हिएतनामला फोन बनवायला सुरुवात केली, 2018मध्ये नोएडाचा कारखाना मोठा केला आणि 2019मध्ये चीनमधला हुइझोऊचा शेवटचा फोन कारखाना बंद केला. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना 2006मध्ये सुरू झाला आणि 2014मध्ये बंद पडला. त्याच भागात आज फॉक्सकॉन आयफोन जोडते. 2020मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली आणि वेग वाढला. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेच्या आकडेवारीनुसार, 2025च्या एप्रिल-जून तिमाहीत अमेरिकेत गेलेल्या स्मार्टफोनपैकी 44 टक्के भारतात जोडलेले होते, चीनमधले 25 टक्के.

कारखाना येणं आणि उठून जाणं आपल्या भागाला नवं नाही. संभाजीनगरजवळ पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे. माझे मामा तिथे लाइनवर होते. घरी आले की रेडिओ, मिक्सर, जे बिघडलं असेल ते उघडून बसायचे, आणि सोल्डरिंगचा तो वास मला अजून आठवतो. 2005मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा धंदा विकत घेतला. सपाट पडद्याने पुढच्या काही वर्षांत ट्यूबच बाजारातून घालवली. कर्जाचा बोजा मोठा होता, 2018मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. चितेगावच्या लाइनवर तयार झालेले हात पुढे ज्याला जिथे मिळेल तिथे पांगले.

म्हणून संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक सिटी या औद्योगिक शहरात नवा करार झाल्याची बातमी आली की मी आधी बघतो, बनणार काय आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी केंद्राने मार्च 2025मध्ये 22,919 कोटींची योजना मंजूर केली. त्यात स्क्रीनचे आणि कॅमेऱ्याचे भाग, बहुस्तरीय सर्किट बोर्ड, बॅटरीचे सेल आहेत. रस्ता, पाणी, जमीन बिडकीनला तयार आहे, आणि पॉलिटेक्निकची पोरं आपल्याकडे कमी नाहीत. ती आज चाकण-रांजणगावला खोली करून राहतात. यातला एक सेलचा किंवा बोर्डाचा कारखाना इकडे यावा असं मला फार वाटतं. असा कारखाना उभा करायला पैसा आणि वर्षं दोन्ही जास्त लागतात, त्यामुळे तो सहजी उठूनही जात नाही.

फोनपुरतं सांगायचं तर: या किमतीत घेणार असाल तर दुकानात कॅमेऱ्याच्या आधी तीन गोष्टी विचारा. सुरक्षा अपडेट किती वर्षं, आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आहे का, आणि ओरिजिनल कॉम्बोचा व बॅटरीचा आजचा भाव काय. आधीच वर्ष-दोन वर्षांचा फोन असेल तर बॅटरी बदलून पाहा. माझी फेब्रुवारीत, ऊन वाढायच्या आत बदलणार आहे. स्टेशन रोडच्या पोराला ओरिजिनल आत्ताच मागवून ठेवायला सांगितलंय.