डॉक्टरकीचे शुल्क : घरची पुंजी की बँकेचे कर्ज?

राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली त्या वर्षांत एक दृश्य मी दर पावसाळ्यात पाहिले. वैद्यकीय प्रवेशाची फेरी जाहीर झाली की एखादे वडील प्लास्टिकच्या फायलीत जागावाटपाचे पत्र, सातबारा, घराची कागदपत्रे आणि पगाराच्या पावत्या घेऊन टेबलासमोर बसत. समोर खुर्च्या दोन असल्या तरी मुलगा सहसा बसत नसे. वडिलांच्या मागे, भिंतीला टेकून उभा राही. कर्ज त्याच्या नावावर निघणार असे, पण बोलणे सगळे त्याच्या डोक्यावरून चाले. एमबीबीएसचा खर्च आईवडिलांच्या शिलकीतून करावा की शैक्षणिक कर्ज काढावे, या प्रश्नाकडे मी त्या टेबलाच्या एका बाजूने बरीच वर्षे पाहिले आणि गेल्या वर्षी पुतण्याच्या प्रवेशाच्या वेळी दुसऱ्या बाजूने पाहिले. पुढची तुलना या दोन्ही अनुभवांतून केलेली आहे.

आधी जागा कोणती ते पाहावे

सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली असेल तर या वादात फार शिरण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात तेथील शुल्क वर्षाला साधारण सव्वा ते दीड लाखाच्या घरात असते, वसतिगृह स्वस्त असते, आणि नियमित पगार असलेले कुटुंब हा खर्च चालू उत्पन्नातून भागवू शकते. कमी पडलेच तर साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज बँका सामान्यतः तारणाशिवाय देतात. मात्र सरकारी जागेसोबत एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र येते, हे हिशेबात आजच धरून ठेवावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी तपासावी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला आहे, त्यांना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते; अभिमत विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. सवलत शुल्काला असते, खाणावळीला नव्हे, आणि मंजूर रक्कम अनेकदा वर्ष सरत आल्यावर जमा होते. तोवरचा खर्च कोण उचलणार हा प्रश्न सवलत मिळूनही उरतोच.

खरा पेच खासगी जागेचा आहे. तेथील शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण महाविद्यालयागणिक ठरवते आणि ते वर्षाला सहा-सात लाखांपासून पंधरा-सोळा लाखांपर्यंत असू शकते. अभिमत विद्यापीठांत ते वीस लाखांच्या पुढे जाते. याशिवाय कोणी रोखीने ‘डोनेशन’ मागितले, तर तो खर्च कोणत्याही कर्जात बसत नाही आणि महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने त्यावर बंदीही आहे. तसली रक्कम गृहीत धरून कोणतीच तुलना करू नये.

एका घराचे गणित

माझा धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय एकोणपन्नास. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागल्यामुळे जुनी निवृत्तिवेतन योजना त्याच्या वाट्याला आली नाही. पगार सवलतीच्या ८ लाखांच्या रेषेच्या थोडा वर जातो, म्हणजे श्रीमंत म्हणवत नाही आणि गरीब ठरत नाही. पुतण्याला मिळालेल्या खासगी जागेचे शुल्क वर्षाला ८ लाख, साडेचार वर्षांचे ३६ लाख. भावाजवळ ठेवींत १७-१८ लाख, राहते घर आणि तासगावजवळ वडिलोपार्जित दोन एकर बागायत. त्याने पहिल्याच संध्याकाळी निर्णय सांगितला : “दादा, रान विकतो. कर्जाची भानगडच नको.”

त्याचा हिशेब वरकरणी चूक नव्हता. ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळते आणि त्यावर कर लागतो. शैक्षणिक कर्जाला मात्र नऊ ते अकरा टक्के पडतात. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करही नाही. तेव्हा जवळचे असताना महाग पैसा का घ्यावा, हा त्याचा प्रश्न रास्तच होता.

मी त्याच्यासमोर वहीच्या मागच्या पानावर दुसरा हिशेब मांडला. पहिल्या वर्षाचे ८ लाख ठेवीतून भरायचे. पुढच्या तीन वर्षांत दरवर्षी ६ लाख आणि शेवटच्या सहा महिन्यांसाठी २ लाख असे २० लाख कर्जातून घ्यायचे, आणि उरलेले ८ लाख त्या त्या वर्षी घरून घालायचे. दर दहा टक्के धरला. अभ्यासक्रम आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांचा, त्यावर एक वर्षाची सवड, म्हणजे प्रवेशापासून साडेसहा वर्षे हप्ता नाही. या काळात व्याज सरळ पद्धतीने चढते. ते चढू दिले तर ८ लाख ६० हजार होते आणि परतफेडीच्या पहिल्या दिवशी डोक्यावर २८ लाख ६० हजार उभे राहतात. पंधरा वर्षांच्या मुदतीला त्याचा हप्ता सुमारे ३०,७०० रुपये येतो. तेच व्याज जागच्या जागी भरत गेले तर दुसऱ्या वर्षी महिन्याला ५,०००, तिसऱ्या वर्षी १०,०००, चौथ्या वर्षी १५,००० आणि नंतर जवळपास १६,७०० रुपये भरावे लागतात. मात्र परतफेड २० लाखांवरच सुरू होते आणि हप्ता सुमारे २१,५०० वर येतो. एकूण भरणा पहिल्या मार्गाने ५५ लाखांच्या पुढे जातो, दुसऱ्याने ४७ लाखांच्या थोडा वर राहतो. मधली आठ लाखांची तफावत केवळ व्याज साचू दिले की नाही यावर अवलंबून आहे. बहुतेक पालक सवडीचा काळ म्हणजे काहीच न भरण्याचा काळ समजतात, आणि कर्ज महाग पडते ते मुख्यतः येथे.

तरीही २० लाखांच्या कर्जापोटी ४७ लाख जातात, म्हणजे घरचे १६ लाख धरून ३६ लाखांच्या शुल्कासाठी ६३ लाखांच्या वर मोजावे लागतात. हा वरचा पैसा कशासाठी मोजायचा, तर ते रान आणि निम्म्या ठेवी शाबूत ठेवण्यासाठी. भाऊ अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा पुतण्याची आंतरवासिता संपून जेमतेम तीन-चार वर्षे झालेली असतील आणि बहुधा तो पदव्युत्तर शिक्षणात अडकलेला असेल. एमबीबीएसच्या जागेवर बँक अठरा वर्षांच्या मुलाला २० लाख देते. साठीच्या निवृत्त शिक्षकाला घरखर्चासाठी कोणी दाराशी उभे करत नाही. आणि शेतजमीन ही ठेवीसारखी मोडून पुन्हा भरता येण्याजोगी वस्तू नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. नावावरचे शेवटचे रान गेले की पुढच्या पिढीला तो पुरावा गोळा करणेच अवघड होऊन बसते.

तारण, वेळ आणि कर

येथे कर्जाची बाजू लंगडी पडते, हे मान्य केले पाहिजे. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका बहुधा तारण मागतात आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही, कारण कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ती थकबाकीत ताब्यात घेता येत नाही. भावाला राहते घर गहाण ठेवावे लागले. ज्याचे घर गावठाणात आहे आणि कागद अपुरे आहेत, त्याला हा मार्गच बंद होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत, तसेच ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवडीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळते; परंतु महाविद्यालय त्या योजनेच्या यादीत असावे लागते आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश त्यात धरले जात नाहीत. पुतण्याचे महाविद्यालय यादीत नव्हते.

दुसरी अडचण वेळेची आहे. जागा मिळाल्यावर प्रवेश निश्चित करायला मोजके दिवस हातात असतात, तर घराचा शोध अहवाल (मालकीहक्काची तपासणी), मूल्यांकन आणि मंजुरी यांना काही आठवडे सहज लागतात. म्हणून पहिल्या वर्षाचे शुल्क हाताशी नसेल तर ‘सगळेच कर्जातून’ हा पर्याय प्रत्यक्षात अस्तित्वात नसतो. पहिल्या वर्षाला ठेव मोडण्याचा सल्ला मी दिला तो याच कारणासाठी. सोने तारण ठेवून ही फट बुजवता येते, मात्र त्याचे व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि मुदत थोडी असते. भावकीकडून हातउसने घेतलेले पैसे व्याजाने स्वस्त असले तरी प्रत्येक लग्नकार्यात त्यांची आठवण निघते.

कराची गोष्ट थोडक्यात. कलम ८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त व्याजाला आहे, मुद्दलाला नाही. ती आठ वर्षे मिळते आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला मिळत नाही. वडील सहकर्जदार असून व्याज स्वतः भरत असतील तर ती त्यांना घेता येते. मुलीच्या नावाने कर्ज असेल तर अनेक सरकारी बँका व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी करतात, तेव्हा हे आवर्जून विचारावे. मुदतीआधी रक्कम भरल्यास दंड नसतो.

मुलाच्या मनावरचा बोजा

कर्ज काढले तर मुलगा दडपणाखाली राहील, आणि घरचा पैसा घातला तर निश्चिंत राहील, असे पालक धरून चालतात. माझ्या पाहण्यात बहुधा उलटे घडते. बँकेच्या कर्जाला रक्कम असते, तारीख असते आणि शेवटचा हप्ता असतो. घरच्या पैशाला यातले काहीच नसते. त्याचा आकडा कोणी सांगत नाही आणि मुलगा तो मनातल्या मनात वाढवत नेतो. शिवाय पुढे त्याने गावाकडे सेवा करायची म्हटली, किंवा घरच्यांच्या मनात नसलेली शाखा निवडली, तर न बोललेला पैसा एकदम बोलू लागतो.

पुतण्या गेल्या दिवाळीला घरी आला तेव्हा बारीक झाला होता. आईने खोदून विचारल्यावर कळले की त्याने खाणावळीचा एक वेळचाच डबा लावला होता. हाडांचा संच सीनियरकडून जुना घेतला हे ठीकच, सगळेच घेतात. पण शरीररचनेचे पुस्तकही त्याने घेतले नव्हते, मित्राच्या पुस्तकाची पाने मोबाइलवर टिपून वाचत होता. रात्री तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “काका, रान विकलं का हो?” प्रवेशाच्या आठवड्यात भिंतीआडून ऐकलेले ते एक वाक्य त्याने तेव्हापासून सोबत वागवले होते. मी तीच वही काढून त्याला मागचे पान दाखवले. त्याने आकडे दोनदा वाचले, हप्त्यावर बोट ठेवले आणि विचारले की पदव्युत्तर शिक्षणाच्या विद्यावेतनातून एवढे निघेल का. निघते, महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांतल्या निवासी डॉक्टरांचे विद्यावेतन या हप्त्याच्या दुपटीहून अधिक आहे. आंतरवासितेच्या विद्यावेतनावर मात्र विसंबू नये. सरकारीत ते अठरा हजारांच्या घरात असते, खासगीत कागदावरची रक्कम हातात पडेलच असे नाही.

कर्जाचा खरा जाच नंतर होतो. आंतरवासिता संपल्यावर बरेच जण पदव्युत्तर प्रवेशासाठी वर्षभर घरी बसून अभ्यास करतात, आणि सवडीचे वर्ष नेमके त्यातच संपते. पहिला प्रयत्न फसला तर कमाई नसताना हप्ता सुरू होतो. अशा वेळी बँकेकडे मुदतवाढीचा अर्ज करता येतो, पण तो हप्ता थकण्याआधी करायचा असतो. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत आणि पुरवणी परीक्षेतही अपयश आले तर अभ्यासक्रम लांबतो. विद्यार्थ्याच्या हाताबाहेरची कारणे असतील तर बँका दोन वर्षांपर्यंत वाढ देऊ शकतात. घरच्या पैशावर शिकणाऱ्याला हे अर्ज-विनंत्यांचे सोपस्कार नाहीत, ही त्या पर्यायाची सर्वांत भक्कम बाजू होय. म्हणूनच ज्यांच्याकडे ३६ लाख घालूनही म्हातारपणाची तरतूद आणि दुसऱ्या अपत्याचे शिक्षण सुरक्षित राहते, अशा घरांनी कर्जाच्या वाटेला जाऊ नये असेच मी सांगेन. अशी घरे माझ्या टेबलासमोर फार आली नाहीत. बाकीच्यांनी शुल्काचा मोठा भाग कर्जावर टाकावा, चालू व्याज आणि खाणावळ आईवडिलांनी सांभाळावी, विद्यार्थ्याच्या नावे कर्जाच्या रकमेइतका मुदतीचा विमा उतरवावा, आणि घर गहाण असल्याचे त्याच्यापासून लपवू नये.

पुतण्या आता दुसऱ्या वर्षात आहे. महिन्याचे ५,००० रुपये व्याज भाऊ पगाराच्या दुसऱ्या दिवशी भरतो आणि पावतीचा फोटो मुलाला पाठवतो. खाणावळीचा डबा दोन्ही वेळचा चालू आहे. रानात यंदा हरभरा आहे.