१२०/८० ऐवजी १२०/९०: छोट्या ड्युअल-स्पोर्टच्या मागच्या टायरचा वापरानंतरचा अनुभव

मागे १८ इंची चाक असलेल्या छोट्या ड्युअल-स्पोर्ट बाइकवर, म्हणजे डांबर आणि कच्च्या वाटा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांवर, कंपनीकडून बहुतेकदा १२०/८०-१८ टायर येतो. हिरो एक्सपल्स २००, होंडा सीआरएफ३००एल, यामाहा एक्सटी२५० या सगळ्यांना हाच साइज. माझ्या गाडीलाही तोच होता. तो संपल्यावर मी १२०/९०-१८ बटण टायर (उंच, सुट्या रबरी ठोकळ्यांचा) टाकला आणि गेले अनेक महिने तोच चालवतोय. डांबर, खडी, दगडी चढ, चिखल सगळीकडे फिरवून झालाय, म्हणून आता सविस्तर लिहितो.

टायर निवडताना बहुतेक जण पहिला आकडा बघतात, म्हणजे रुंदी. मागून टायर रुंद दिसला की गाडी भारदस्त वाटते, हे खरं. पण वीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीत रोज जाणवते ती टायरची उंची, आणि ती दुसऱ्या आकड्यात असते. १२०/८० मध्ये साइडवॉल, म्हणजे टायरची रिमपासूनची उभी भिंत, १२० च्या ८० टक्के, म्हणजे ९६ मिमी. १२०/९० मध्ये १०८. रिमचे ४५७ मिमी धरले तर एकूण व्यास ६४९ वरून ६७३ वर जातो. फरक ३.७ टक्के. कागदावर किरकोळ दिसतो, पण इंजिनाला तो प्रत्येक गिअरमध्ये ओढावा लागतो.

पहिल्याच चढावर ते कळलं. जो दगडी चढ पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून हळूहळू निघायचा, तिथे आता हाफ क्लच द्यावा लागत होता, कारण पहिला गिअरच लांब झाला होता, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जात होती. हायवेवर समोरून वारा असला की टॉप गिअरमध्ये गाडी दम खायची आणि एक गिअर खाली यावं लागायचं. मोठ्या इंजिनाला हे समजणारही नाही. सुझुकीची डीआर-झेड४००एस कंपनीतूनच १२०/९०-१८ वर यायची, पण तिच्याकडे तेवढा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, होता. आपल्याकडे नाही.

उपाय सोपा आहे: मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवते ते दातेरी चाक, जास्त दातांचं लावायचं. माझं ४० दातांचं होतं. ३.७ टक्के भरून काढायचे तर हिशोबाने साडेएकेचाळीस दात हवेत, म्हणजे ४१ घ्यायचं की ४२ हा प्रश्न. मी ४१ घेतलं, त्याला कारण आहे. बटण टायर झिजतो तसा त्याचा व्यासही कमी होतो. बटणं ८ मिमी झिजली की व्यास १६ मिमीने उतरतो, म्हणजे ६७३ चा टायर ६५७ वर येतो. ४१ दातांवर नवा टायर असताना गिअरिंग मूळपेक्षा सव्वा टक्का लांब राहतं आणि टायर झिजत आला की तितकंच आखूड होतं. ४२ लावलं असतं तर सुरुवातीला मजा आली असती, पण टायर उतरल्यावर हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहिलं असतं. स्प्रॉकेट बदलल्यावर तो दगडी चढ पुन्हा क्लच सोडून निघायला लागला.

चेनकडे मात्र लक्ष द्या. चेन ५२० साइजची असेल आणि कड्या तेवढ्याच ठेवल्या, तर मागे एक दात वाढला की चाक साधारण ४ मिमी पुढे येतं. उंच टायरला नेमकं उलट हवं असतं, कारण तो स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आडव्या नळीकडे १२ मिमी जास्त सरकलेला असतो. माझ्याकडे जुन्या चेनवर टायर आणि नळीमध्ये बोटही जाईना. चिखलात तिथे माती भरली असती आणि चाक जाम झालं असतं. नव्या चेनमध्ये दोन कड्या जास्त ठेवल्या, एक्सल तितका मागे गेला आणि आता तिथून दोन बोटं आरामात जातात. मडगार्डकडची जागा गाडी स्टँडवर असताना कळत नाही. शॉकॲबसॉर्बरचा खालचा बोल्ट काढून चाक हाताने पूर्ण वर उचला आणि मग बघा. टायर फिटरकडे जायच्या आधीच हे केलेलं बरं.

आता फायदा. दगडांवर या टायरला तोड नाही. साइडवॉल १२ मिमी जास्त म्हणजे रिम आणि दगड यांच्यामध्ये तेवढी जास्त गादी. आधी ट्यूब रिम आणि दगडात चिमटेल या भीतीने मी दगडी वाटेवरही २२ पीएसआयच्या खाली जात नव्हतो. आता १८ वर चालवतो. टायर दगडाभोवती वाकतो, उडत नाही, आणि जिथे आधी मागचं चाक जागेवरच फिरत राहायचं तिथे आता पकडतं. एका ओढ्याच्या उतारावर अर्ध्या विटेएवढा कोनाकोनाचा दगड मागच्या चाकाखाली सरळ आला. आवाज ऐकून रिमला आउट आला, म्हणजे ती वाकडी झाली असणार असंच वाटलं. उतरून चाक हाताने फिरवून पाहिलं, रिमची कड जशीच्या तशी होती, साइडवॉलवर फक्त पांढरा ओरखडा. अशा वाटा रोजच्या असतील, तर बाकी सगळी खटपट या एका गोष्टीसाठी करावी. याहून फार कमी हवा ठेवायची असेल तर टायर रिमवर आवळून धरणारा रिम-लॉक हवाच, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उखडतो.

बारीकसारीक बदलही झाले. मागची बाजू १२ मिमी वर गेल्याने हँडल थोडं चपळ झालं, अरुंद पायवाटेवर ते आवडलं. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, मऊ जमिनीवर काळजी घ्यावी लागते. उंची कमी असलेल्यांना सीटचा फरकही जाणवेल. माझ्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून आकडा घेतो. आधी तो ६० दाखवायचा तेव्हा जीपीएसवर ५७ यायचे, टायर बदलल्यावर ५९ यायला लागले. स्प्रॉकेट बदलल्यावर तो पुन्हा जवळपास होता तिथे आला. पुढच्या चाकावरून आकडा घेणाऱ्या गाड्यांना यातलं काहीच लागू नाही. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर मात्र व्यास फार वाढवू नका, तिथे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची तुलना होत असते.

रुंदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: १३० च्या वाटेला जाऊ नका. ओळखीतल्या एकाच्या अशाच गाडीवर १३०/८० आहे, ती बरीच चालवली. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांना मागे २.१५ इंचाची अरुंद रिम असते. त्यावर रुंद टायर दोन्हीकडून आवळला जातो आणि मधून गोल फुगतो. टेकतो मधलाच पट्टा, झिजतोही तोच. वळणात गाडी ढकलावी लागते आणि वजन वाढतं ते वेगळंच. टायर कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक साइजला चालणारी रिमची रुंदी दिलेली असते, ती आधी बघा. शिवाय एका कंपनीचा १२० दुसऱ्या कंपनीच्या १३० एवढा भरू शकतो, तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबू नका, दुकानात टायर प्रत्यक्ष मोजा. खोल वाळूत रुंद टायर तरंगतो हे मान्य. चिखलात मात्र अरुंद टायर वरचा गाळ कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो.

डांबरावरच जास्त फिरणाऱ्यांनी १२०/८० बदलू नये. बदल हवाच असेल तर ११०/९०-१८ मिळतो का बघावं. त्याचा व्यास ६५५, मूळपेक्षा जेमतेम एक टक्का जास्त, त्यामुळे स्प्रॉकेट, चेन कशालाही हात लावावा लागत नाही, आणि गाडी वळणात हलकी होते. फक्त साइडवॉलवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो याचा आकडा, तपासा. ६२ म्हणजे २६५ किलो, ६५ म्हणजे २९०. मागे माणूस आणि सामान दोन्ही असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त मिळो.