बेघरांना चर्चमध्ये झोपू द्यायचंय: आधी दार उघडायचं की आधी परमिट काढायचं?

आमच्या इथल्या मराठी चर्चच्या (मंडळीच्या) कमिटीत सध्या हाच विषय आहे, थंडी पडायच्या आत ठरवायचंय आणि सरळ दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, परक्याला घरात घ्या असं शुभवर्तमान सांगतं, मग सिटीला (म्हणजे नगरपालिकेला) विचारायचंच कशाला. दुसरे म्हणतात, झोनिंगमध्ये (कुठल्या जागेचा वापर कशासाठी करायचा याच्या सिटीच्या नियमांत) बसत नसेल तर उद्या पाळकांच्या नावाने समन्स येईल, तेव्हा कोण जाणार कोर्टात? अमेरिकेत अजून कुठल्या मंडळीत किंवा मंदिराच्या कमिटीत ही चर्चा चालू असेल तर त्यांच्यासाठीही लिहितोय.

आधी कायदा, थोडक्यात. २००० साली आरएलयूआयपीए (RLUIPA) नावाचा, धर्मस्थळांच्या जमीन वापराला संरक्षण देणारा फेडरल कायदा झाला, क्लिंटनची सही आहे त्यावर. झोनिंगच्या नावाखाली सिटीने धर्माचरणावर मोठं ओझं टाकलं तर त्यामागे तसंच अतिशय तातडीचं कारण होतं आणि त्याहून सौम्य मार्ग नव्हता हे सिटीने सिद्ध करायचं असतं. चर्च जिंकलं तर वकिलाची फीही सिटीकडून मिळू शकते. आणि हा कायदा फक्त चर्चचा नाही बरं का, कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीच्या शीख मंडळींना गुरुद्वारा बांधायला काउंटी परवानगी देत नव्हती, ते २००६ मध्ये याच कायद्यावर जिंकले.

आता "आधी दार उघडा" वाला रस्ता. ओहायोतल्या ब्रायन गावात डॅड्स प्लेस नावाचं चर्च आहे, त्यांनी २०२३ मध्ये चोवीस तास दार उघडं ठेवलं, लोक रात्री तिथेच झोपायला लागले. जागा डाउनटाउनच्या बिझनेस झोनमधली, तळमजल्यावर राहायला परवानगी नाही, म्हणून वर्ष संपता संपता पाळक ख्रिस अॅव्हेल यांच्यावर झोनिंगचे १८ आरोप लागले. चर्च फेडरल कोर्टात गेलं, देशभर बातम्या झाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आरोप मागे घेतले गेले. बरेच जण इथपर्यंतच सांगतात आणि म्हणतात बघा, जिंकले. पण मग फायर कोडचा विषय आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये पाळक अॅव्हेल यांना दोषी धरलं, २०० डॉलर दंड आणि ६० दिवसांची स्थगित शिक्षा. म्हणजे झोनिंगवर सिटी मागे हटली तरी आगीच्या नियमावर हटली नाही. आणि मला विचाराल तर तिथे सिटीचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही, रात्री दोन वाजता धूर झाला तर आत झोपलेला माणूस बाहेर कसा येणार हा प्रश्न खराच आहे.

"आधी परमिट" वाल्यांसाठी व्हेंचुरा बघा, कॅलिफोर्निया. हार्बर चर्च बेघरांना जेवण, आंघोळ, कपडे द्यायचं, सिटी म्हणाली कंडिशनल यूज परमिट (अटींवर मिळणारी खास वापराची परवानगी) काढा, त्यांनी अर्ज केला आणि तो फेटाळला. पण गंमत कागदात होती, सिटीच्याच स्टाफने अटी घालून परमिट द्या अशी शिफारस केली होती! २०१६ मध्ये नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने नेमकं तेच धरलं, की अटींवर भागत होतं तर सरळ नकार हा सौम्य मार्ग कसा. अर्जच केला नसता तर हा पुरावा आला कुठून असता?

वॉशिंग्टन राज्यात वुडिनव्हिलला तर सिटीने अर्ज हातातच घेतला नाही, चर्चला आपल्या आवारात टेंट सिटी (बेघरांची तंबूंची वस्ती) बसवायची होती आणि सिटीने त्या भागातले अर्जच थांबवून ठेवलेले. २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने चर्चच्या बाजूने निकाल दिला, तोही वॉशिंग्टन राज्याच्या स्वतःच्या घटनेवर, पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून चर्चच्या जागेवरच्या अशा वस्तीला आधार दिला. पण वेळ बघा किती गेला, अर्ज २००६ चा.

आत झोपवायचंच नसेल तर दोन लहान पर्याय आहेत. नुसतं जेवण: ओरेगनच्या ब्रूकिंग्जमध्ये सिटीने २०२१ मध्ये आठवड्याला दोनच दिवस जेवणाची मर्यादा घातली, सेंट टिमथी चर्च २०२२ मध्ये कोर्टात गेलं आणि मार्च २०२४ मध्ये जिंकलं. दुसरं पार्किंग लॉट: कोलोरॅडोत कॅसल रॉकच्या एका चर्चने आपल्या लॉटवर दोन आरव्ही (आत राहता येईल अशा गाड्या) बेघरांना राहायला ठेवल्या, जुलै २०२४ मध्ये फेडरल जजने सिटीला ते बंद पाडायला तात्पुरती मनाई केली. बिल्डिंगच्या आत कोणी झोपत नाही त्यामुळे स्प्रिंकलरचा (आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा) खर्च यात टळतो, छोट्या मंडळीला हे सगळ्यात जमण्यासारखं वाटतं मला.

माझं मत विचाराल तर परमिटचा अर्ज याच महिन्यात टाकायचा आणि अर्जात "सामाजिक काम" असं मोघम न लिहिता ही आमची उपासना आहे असं स्पष्ट लिहायचं, कमिटीच्या मिनिट्समध्येसुद्धा तेच, कारण कोर्टात पुढे हेच कागद बघतात. उत्तर येईपर्यंत जेवण आणि दिवसा बसायला हॉल. आणि खरंच जीवघेणी थंडी पडली तर मी दार उघडायच्याच बाजूने हात वर करणार, पण फायर मार्शलला (आगीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याला) आधी बोलावून, ते सांगतील तेवढीच माणसं, बाहेर पडायचे दोन रस्ते मोकळे आणि रात्रभर आळीपाळीने जागणारे दोघं. पहिल्या रात्रीसाठी माझं नाव मी दिलंय.