अल्जेरियाचा प्रशासकीय भिंतनकाशा : उत्तरेत चोख, सहारात अर्धवट

आमच्या कार्यालयातून अल्जेरियाला पंपांचे सुटे भाग जातात आणि तिथले पत्ते पडताळण्यासाठी फ्रेंच व अरबी नावे असलेला, जवळजवळ मीटरभर उंचीचा हा भिंतनकाशा आम्ही मागवला. तिथल्या पत्त्यात गावाच्या नावाइतकेच महत्त्व विलायाला असते. विलाया म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, त्याखाली दायरा आणि सर्वांत खाली कम्यून. कम्यूनची संख्या 1541 असल्याने नावे सर्रास सारखी येतात. ऐन बेनियान हे नाव राजधानी अल्जीअर्सच्या विलायात आहे, तसेच ऐन देफ्लाच्या विलायातही आहे. सूचीत प्रत्येक नावापुढे विलायाचा क्रमांक छापलेला आहे, ही या नकाशाची सर्वांत उपयोगी बाजू. तोच क्रमांक टपाल संकेतांकाच्या सुरुवातीला आणि वाहनाच्या नंबरप्लेटच्या शेवटी येत असल्यामुळे, 16 दिसले की अल्जीअर्स आणि 31 दिसले की ओरान, हे आमच्या पाठवणी विभागाला आता तोंडपाठ झाले आहे.

अल्जीअर्सचा कोपऱ्यातील मोठा नकाशा विशेष काळजीने काढला आहे. या विलायातील 13 दायरे आणि 57 कम्यून त्यात सुवाच्य आहेत. बाब एल वेद या दायऱ्यात त्याच नावाच्या कम्यूनखेरीज कसबा, बोलोगीन, वेद कोरिश आणि राइस हमिदू हे कम्यूनही येतात, हे त्यात चटकन समजते. दायऱ्याची सीमा मात्र सर्वत्र पुसट तुटक रेषेने दाखवली आहे. माझ्या एका सहकाऱ्याला तो दोष वाटतो, मला वाटत नाही. कम्यून आणि विलाया या दोन्ही पातळ्यांवर लोकनियुक्त सभा असते, तर दायऱ्यावर केवळ सरकारने नेमलेला प्रमुख असतो, आपल्या तालुक्याच्या पंचायत समितीसारखे तिथे काही नसते.

दक्षिणेकडे वळताच कामातला ढिसाळपणा दिसू लागतो. 1984 पासून असलेल्या 48 विलायांत डिसेंबर 2019 मध्ये सहारातील 10 विलायांची भर पडली. त्याआधीचा तामनरासेत विलाया एकटाच साडेपाच लाख चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे महाराष्ट्राच्या पावणेदोनपटीहून अधिक होता, तेव्हा विभाजनाची निकड सहज पटते. त्यातून वेगळे झालेले इन सालाह (53) आणि इन गेझाम (54) नकाशावर नव्या सीमांसह बरोबर आहेत, परंतु सूचीत दोन्हींपुढे जुना 11 तसाच राहिला आहे. तिमिमूनपुढेही 49 ऐवजी अद्रारचा 01 आहे. ज्या सूचीच्या भरवशावर हा नकाशा घ्यायचा, तीच अद्ययावत नसावी, हे अक्षम्य आहे. वर्गला आणि त्यातून निघालेला तुगर्त यांना इतक्या जवळच्या पिवळ्या छटा दिल्या आहेत की ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांची सीमा शोधावी लागते. 2019 नंतरचे कोणतेही बदल या आवृत्तीत नाहीत, याचीही खरेदीपूर्वी नोंद घ्यावी.

कागद जाड असून लॅमिनेशन उत्तम आहे. ज्यांचा व्यवहार ओरान, कॉन्स्टंटाईन, अन्नाबा या उत्तरेकडच्या शहरांशी आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. हासी मसऊदसारख्या दक्षिणेतील तेलक्षेत्रांकडे माल पाठवणाऱ्यांनी मात्र सुधारित सूचीची मागणी विक्रेत्याकडे आधी करावी आणि ती हाती पडेपर्यंत क्रमांक नकाशावरूनच वाचावेत.